अ‍ॅक्रिलिक रंगांतील भेगांचा पोत

वाराणसीच्या रामघाटावर पावसाळ्याच्या अखेरीस गंगेचे पाणी उतरू लागते, तेव्हा पायऱ्यांवर गाळाचा जाड थर मागे राहतो. पाण्याचे फवारे सोडून तो पुन्हा नदीत लोटला जातो. पण हे काम काही एका दिवसात उरकत नाही, आणि मधल्या काळात उन्हाने गाळ वाळू लागतो. वाळताना त्यातील पाणी निघून जाते, गाळ आक्रसतो. परंतु खालचा चुनारी दगड जागचा हलत नाही. वरच्या थराला आखडायचे असते आणि खालचा थर त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत गाळ फाटतो. अ‍ॅक्रिलिक रंगात मुद्दाम भेगा पाडण्याचे सारे तंत्र या एका घटनेवर उभे आहे. ती नीट पाहिलेल्या चित्रकाराला बाटलीवरच्या सूचना फारशा वाचाव्या लागत नाहीत.

या गाळाकडे अधिक बारकाईने पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, थर जितका जाड तितक्या भेगा रुंद व एकमेकींपासून दूर. पातळ थरावर त्या बारीक व दाट पडतात. दुसरी, एकदाच वाळलेल्या गाळात नंतरची भेग आधीच्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. तोच गाळ वारंवार भिजून वाळला, तर भेगांचे सांधे हळूहळू तीन सारख्या कोनांकडे झुकतात व षट्कोनी आकार दिसू लागतात. तिसरी, वरचा भाग खालच्यापेक्षा लवकर वाळला की तुकड्यांच्या कडा वर वळतात. अशी वळलेली कडा चित्रावर दिसली, तर ती पुढे सुटण्याचा संभव असतो, हे ओळखावे.

अ‍ॅक्रिलिकचा मूळ स्वभाव मात्र याच्या अगदी उलट आहे. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग 1950च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत बाजारात आले. हा रंग म्हणजे एक पायस होय. त्यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून त्यांची सलग, लवचीक कातडी बनते. तैलरंग वर्षानुवर्षे कडक होत जातो व काळाच्या ओघात तडकतो. अ‍ॅक्रिलिकची कातडी ताणली तरी सहजी तुटत नाही. न तडकणे हा ज्या रंगाचा मोठा गुण, त्याच रंगाकडून तडे मागावयाचे, अशी ही विलक्षण मागणी आहे. ती दोन मार्गांनी पुरी करता येते.

पहिला मार्ग दोन थरांचा. आधी एका रंगाचा तळ देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. त्यावर डिंकाच्या दाट पाण्याचा अथवा फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा हात फिरवावा. गोंद बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच त्यावर दुसऱ्या रंगाचा अ‍ॅक्रिलिक लावावा. वरच्या रंगाची कातडी धरू लागते, पण तिच्याखालचा गोंद अजून मऊ व सरकता असतो. म्हणून ती कातडी जागोजागी फाटते आणि फटींतून तळाचा रंग दिसू लागतो. कुंचला ज्या दिशेने ओढला असेल, त्या दिशेने भेगा धावतात. एका जागी एकच फटकारा द्यावा. कमी वाटले म्हणून त्याच जागेवर पुन्हा कुंचला फिरवला, तर उमटू लागलेली भेग बुजते आणि चिखल तेवढा उरतो. ही रीत स्वस्त आहे, तबके, पेट्या, चौकटी यांना शोभते; परंतु टिकाऊ चित्रासाठी ती भरवशाची म्हणता येत नाही. डिंक पाण्यात विरघळणारा आहे आणि पावसाळ्यात हवेतील ओल शोषून तो सैल पडतो. गंगेकाठच्या दमट खोलीत अशा चित्राने वर्षानुवर्षे टिकावे, ही अपेक्षा जरा जास्तच होईल.

दुसरा मार्ग जाड लेपाचा. क्रॅकल पेस्ट या नावाने मिळणारे लेप भुकटीने गच्च भरलेले असतात व वाळल्यावर ताठ आणि ठिसूळ होतात. ते एकाच थरात काम करतात, गाळासारखेच. रंगसुरीने दीड-दोन मिलिमीटर थर दिला तर जाळी बारीक येते. तीन मिलिमीटर वा अधिक दिला तर रुंद, खोल भेगा पडतात. भेगा पूर्ण उमटण्यास एक ते तीन दिवस लागू शकतात. आधारफलक ताठच हवा. ताणलेला कॅनव्हास बोटाच्या दाबानेही लवतो, आणि ठिसूळ लेप त्याच्याबरोबर लवू शकत नाही. त्याचे पोपडे निघतात. म्हणून प्लायवूड किंवा हार्डबोर्ड घ्यावा व त्याला पुढून आणि मागून दोन्हीकडे अस्तर द्यावे. एकाच बाजूला अस्तर दिलेला फलक वाकतो.

लेप वाळला की तो टीपकागदासारखा रंग शोषतो. या वेळी पातळ पाणीदार रंगांचे हात दिले असता ते भेगांत उतरतात, आणि चित्राचा खरा रंग येथेच ठरतो. हे काम आटोपल्यावर पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिक माध्यमाचे एक-दोन हात द्यावेत. ते भेगांत शिरून सुटे तुकडे जखडून टाकते. हा क्रम उलटा करू नये. आधी माध्यम दिले तर पृष्ठभागाची शोषकता नाहीशी होते व रंग वरच्या वर ओघळतो.

ऋतूचा विचार हस्तपुस्तिकांत क्वचितच आढळतो, कारण त्या बहुधा एकाच हवेत लिहिल्या जातात. वाराणसीत मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कोरडी लू वाहते. लेपाची वरची कातडी लगेच धरते व कडा उलटतात. तेव्हा काम सावलीत, बंद खोलीत करावे. श्रावणात वाळणे लांबते. जानेवारीतील रात्रींचे तापमान अनेकदा दहा अंशांखाली उतरते, आणि तेथे वेगळाच धोका असतो. साधारणतः नऊ-दहा अंशांखाली राळेचे कण एकमेकांत मिसळूच शकत नाहीत. रंग तडकतो खरा, पण तो रोगट तडा होय. त्याखालचा रंग बोटाने घासताच भुकटीसारखा निघतो. मागितलेली भेग आणि लादली गेलेली भेग यांत नवशिक्याची येथे हमखास गफलत होते.

आता हा पोत वापरावा कोठे? रामघाट हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. दक्षिणेस जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि उत्तरेस जटार, ग्वाल्हेर व पंचगंगा हे घाट, अशा या पट्ट्यात मराठी मंडळींचा वावर पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. येथील दगड, विटा आणि गिलावा एकाच रीतीने जीर्ण होत नाहीत. चुनारचा वालुकाश्म भेगाळण्यापेक्षा पापुद्र्यांनी सुटतो व त्याच्या कडा झिजून गोल होतात. चुन्याचा गिलावा जाळीदार तडकतो आणि ढलप्यांनी पडतो, मग खालच्या चपट्या लाखोरी विटा उघड्या पडतात. पायरीवरच्या गाळाची जाळी आणखी निराळी. 1978च्या सप्टेंबरात नदी 73.9 मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी 71.26 मीटर मानली जाते. ज्या भिंतीने असे पूर सोसले, तिचा खालचा भाग आणि वरचा सज्जा एकसारखे तडकलेले दाखवणे म्हणजे ती भिंत न पाहणे होय. लेप गिलाव्याच्या जागी द्यावा, दगडाच्या जागी देऊ नये. पायऱ्यांना तर वाळूमिश्रित साधा लेपच अधिक जुळतो.

किंबहुना भेगा अजिबात न पाडताही हे शहर रंगवता येते. रामकुमार यांनी 1960च्या सुमारास वाराणसीला भेट दिल्यानंतर पुढे कित्येक वर्षे ते तिची चित्रे काढत राहिले. घरांचे व पायऱ्यांचे एकमेकांत घुसलेले आकार, करडे आणि मातकट रंग यांवरच त्यांनी त्या शहराचे वय तोलून धरले. प्रभाकर बरवे 1960च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते. तांत्रिक प्रतिमांचा त्यांच्यावर तेथे प्रभाव पडला. पुढील काळात त्यांनी एनॅमल रंग जवळ केला आणि त्यांचे पृष्ठभाग बव्हंशी सपाट, शांत राहिले. भेगा हा जुनेपणाचा सर्वांत सोपा पुरावा आहे, आणि म्हणूनच तो संशयास्पदही आहे.

हॉलंडमधील हान व्हान मेगरेन याने या संशयाचाच धंदा केला. सतराव्या शतकातील जुना कॅनव्हास घ्यायचा, त्यावरचे चित्र काढून टाकून अस्तरातील मूळ तडे शाबूत ठेवायचे, कृत्रिम राळेत कालवलेल्या रंगांनी त्यावर व्हर्मीरच्या नावाने नवे चित्र काढायचे, मग ते भट्टीत भाजून दंडगोलावर गुंडाळायचे आणि पडलेल्या भेगांत शाई भरायची, अशी त्याची पद्धत होती. त्याचे एमाउसचे चित्र 1937 साली पुढे आले आणि रॉटरडॅमच्या बॉइमान्स संग्रहालयात जाऊन पोहोचले. जाणकारांनी ते डोक्यावर घेतले. 1945 साली अटक झाल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली. त्याच्या भेगा तंत्रदृष्ट्या उत्तम होत्या. खोटी होती ती त्यांनी दिलेली साक्ष. उलट चीनच्या सोंगकालीन गे भांड्यांवरील झिलईची जाळी मुद्दाम पाडलेली असूनही कोणाला फसवत नाही, कारण ती वय सांगत नाही, केवळ पृष्ठभाग सांगते. आपली भेग यांपैकी कोणते काम करणार आहे, हे चित्रकाराने लेपाचे झाकण उघडण्यापूर्वीच ठरवावे.

प्रत्यक्ष चित्राआधी वीतभर लांबीच्या फळीवर एक, दोन व तीन मिलिमीटर जाडीचे तीन पट्टे ओढून पाहावेत. मागे तारीख, त्या दिवशीची हवा आणि वाळण्यास लागलेला वेळ लिहून ठेवावा. आठवडाभराने प्रत्येक पट्ट्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी व एका झटक्यात ओढावी. चिकटपट्टीबरोबर ढलपे आले तर फलकाचे अस्तर बदलावे. नुसती धूळ आली तर माध्यमाचा आणखी एक हात पुरे होतो.