थायरॉईडची गोळी चालू असेल तर कानांकडेही बघा

थायरॉईड वाढल्यावर डॉक्टर छातीतली धडधड विचारतात, वजन विचारतात, हात पुढे करायला सांगून बोटांची थरथर बघतात, डोळे तपासतात. कानांबद्दल मला कुणी विचारलं नाही. तिकडे कानाच्या दवाखान्यात थायरॉईडचा विषय निघाला नाही. या दोन दवाखान्यांच्या मध्ये माझे काही महिने वाया गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

मला ग्रेव्हज्‌चा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीला सतत चेतवत राहते आणि ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक तयार करते. कार्बिमाझोल सुरू झालं, दिवसाला ३० मिलिग्रॅम. शरीरात गेल्यावर या गोळीचं मेथिमाझोल होतं आणि ते नवं संप्रेरक बनू देत नाही. आधी बनलेला साठा संपावा लागतो, म्हणून गुण यायला काही आठवडे जातात. मलाही तसाच आला. धडधड थांबली, झोप लागू लागली. चेहरा भरला म्हणून घरच्यांना आनंद झाला. ती सूज होती, हे नंतर कळलं.

मी पतसंस्थेत रोखीच्या खिडकीवर बसते. काचेपलीकडून ग्राहक रक्कम सांगतो आणि ती एकदाच ऐकून नीट कळावी लागते. साठ की सात, वीस की तीस, हे मला पुन्हा पुन्हा विचारावं लागू लागलं. बोलणं कानावर पडायचं, पण अक्षरं निसटायची. कानांत दडे बसल्यासारखं वाटायचं आणि बारीक शिट्टी सतत वाजत असायची. शिवाय आवाज जाड झाला होता, थंडी सोसत नव्हती, पोटऱ्यांत गोळे यायचे. कानाच्या दवाखान्यात मळ काढला, थेंब दिले. थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच अजून खालीच होतं, म्हणून गोळी तेवढीच ठेवली गेली.

गोंधळ झाला तो इथे, आणि ही गोष्ट प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. टीएसएच येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. थायरॉईडचं संप्रेरक बराच काळ जास्त राहिलं की पीयूषिका टीएसएच सोडणं जवळजवळ बंद करते. पुढे औषधाने संप्रेरक खाली आलं तरी तिला पूर्ववत व्हायला आठवडे, कधी कधी महिने लागतात. त्या काळात नुसत्या टीएसएचवर विसंबलं तर थायरॉईड वाढलेलंच दिसतं, आणि प्रत्यक्षात रक्तात संप्रेरक कमी पडू लागलेलं असू शकतं. म्हणून सुरुवातीच्या काळात साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी फ्री टी-४ आणि टी-३ बघून गोळीची मात्रा ठरवतात. माझं फ्री टी-४ दुसऱ्या डॉक्टरांनी मागवलं, तेव्हा ते किमान मर्यादेच्या बरंच खाली होतं.

त्यांनीच ऑडिओमेट्री करायला पाठवलं. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर एकेका कानाला ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. दोन्ही कानांत दोष निघाला, तोही मुख्यतः आतल्या कानाचा. थायरॉक्सिन कमी पडलं की आतल्या कानाचं काम मंदावू शकतं. मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजून दडेही बसू शकतात. गोळीची मात्रा उतरवली, फ्री टी-४ जागेवर आलं आणि हळूहळू शब्द स्पष्ट होऊ लागले. वरच्या सुरांतला थोडा दोष तसाच राहिला आहे.

डॉक्टरांनी दुसरी शक्यताही मोकळेपणाने सांगितली. क्वचित काही रुग्णांत थायरॉईडची पातळी ठीक असतानाही कार्बिमाझोल घेताना श्रवणदोष आल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यामागे प्रतिकारशक्तीची औषधावरची प्रतिक्रिया असावी असं मानलं जातं. याच गटातल्या प्रोपिलथायोयुरासिलमुळे, आणि त्याहून कमी प्रमाणात कार्बिमाझोलमुळे, एएनसीए नावाची प्रतिद्रव्यं तयार होऊन बारीक रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते. सांधेदुखी, अंगावर जांभळे चट्टे, लघवीतून रक्त यांच्याबरोबर ऐकू येणं घटलं, तर डॉक्टर त्या दिशेने तपासतात. हे विरळा आहे. पण कान थायरॉईडमुळे बिघडला की गोळीमुळे, हे घरी बसून ठरत नाही, म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजार पुन्हा उसळला तर हृदयावर बेततं.

गोळी सुरू होताना एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी, असं मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते. तसा कुठला नियम नाही. पण पुढे तक्रार आली तर तुलनेला आधीचा आलेख हातात असतो. फोन कधी उजव्या, कधी डाव्या कानाला लावून बोलावं, म्हणजे एकच कान कमी झाला तर लवकर लक्षात येतं. आणि एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एखादा कान एकदम बंद झाला, तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी स्टिरॉईड दिलं जातं आणि त्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो.

ताप आणि घसादुखीला कान दुखण्याइतकं साधं समजू नये. या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर उतरतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आला की गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि रक्तातल्या पेशींची तपासणी करायची. गोळी आपण होऊन थांबवायची ती अशा तातडीच्या प्रसंगीच. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यामुळे थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावं लागतं. जास्त मात्रेत ॲस्पिरिन घेतलं तर कानात आवाज येतात आणि मोकळं थायरॉक्सिनही वाढतं, तेव्हा अंगदुखीसाठी ते परस्पर घेऊ नये.

अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीला थायरॉईडच्या डोळ्यांच्या विकारासाठी टेप्रोटुमुमॅब सुचवलं होतं. तिथे २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाच्या माहितीपत्रकात २०२३ पासून श्रवणदोषाचा स्पष्ट इशारा आहे, आणि तो दोष कायमचा ठरू शकतो. उपचाराआधी, दरम्यान आणि नंतर कान तपासायला सांगितलेलं आहे. तिने ते आग्रहाने करून घेतलं.

जिला मूल हवं आहे, तिने तर आधीच बोलावं. पोटातल्या बाळाचा आतला कान घडायला थायरॉईडचं संप्रेरक लागतं आणि या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. कार्बिमाझोलमुळे पहिल्या महिन्यांत जन्मजात व्यंगांचा धोका असल्याने त्या काळात औषध लागणारच असेल तर बहुतेकदा प्रोपिलथायोयुरासिल देतात, तेही कमीत कमी मात्रेत. माझ्या भाचीने दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं. बाळ झाल्यावर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच बघितलं आणि घरी सोडण्याआधी कानांची ओएई चाचणी केली. दोन्ही ठीक आले.