नाण्यावरची रेघ

मंडळी, आमच्या रात्रीच्या वर्गातील एक गृहस्थ परवा एक रुपयाचे नाणे घेऊन आले. नाण्यावर एक वाकडी रेघ होती. म्हणाले, "गुरुजी, हे टाकसाळीत चुकलेले नाणे आहे म्हणे. फोनवरचा माणूस दोन लाख देतो. पण आधी दोन हजार फी भरायची." फीसाठी ते शेळी विकायला निघाले होते.

आम्ही म्हणालो, "थांबा. तुम्हाला आता वाचता येते. आधी नाणे वाचू या."

नाणे कसे होते ते पाहा. टाकसाळीत पत्र्यातून गोल चकत्या पाडतात. चकती दोन पोलादी ठशांमध्ये धरतात. भोवती पोलादी कडे असते. ठसे जोराने दाबले की चित्र, अक्षरे व आकडे उमटतात.

आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथे सरकारी टाकसाळी आहेत. नाण्यावर सालाच्या खाली शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे. चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. या खुणांना चूक समजू नये.

मग खरी चूक कोणती? विटेचा साचा आठवा. साच्याला चीर पडली तर चिखल चिरेत शिरतो. विटेवर बारीक वरंबा येतो. नाण्याचेही तसेच. ठशाला तडा गेला की धातू तड्यात शिरतो. नाण्यावर उंच रेघ येते. ती टाकसाळीतली.

नाणे दगडावर घासले किंवा खिळ्याने ओरखडले तर काय होते? रेघ खोल जाते. कडेला धातू सरकून साचतो. अक्षरावरून गेली तर अक्षर कापले जाते. ही सरी बहुधा बाहेरची.

म्हणून रेघेवर नख आडवे फिरवा. नख चढले तर वरंबा, उतरले तर सरी.

कधी नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटकी दिसते. चकती पाडताना यंत्र आधीच्या भोकावर आले तर अशी कोर जाते. ही चूक ठसा बसण्यापूर्वीची. म्हणून कोरेजवळची अक्षरे ताणलेली, पुसट दिसतात. बहुधा समोरची कडही अंधूक असते. पण कोणी मागाहून कातरले तर अक्षरे मध्येच तुटतात. समोरची कड ठळक राहते. कानशीचे ओरखडेही दिसतात.

आमच्या गृहस्थांनी नख फिरवले. नख खाली उतरले. एक अक्षरही कापले गेले होते. तो साधा ओरखडा होता.

समजा, वरंबा असता तर? तरी दोन लाख मिळाले नसते. तडा गेलेल्या ठशाची नाणी पुष्कळ निघतात. खऱ्या चुकीच्या नाण्याला हौशी लोक जास्त पैसे देतात, पण नाणे हातात घेऊन, पारखून. घेणारा पैसे देतो, तो फी मागत नाही. काही ठग रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतात. ही बँक अशा व्यवहारात नसते व फी मागत नाही. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना तसे बजावले आहे.

गृहस्थांनी ते नाणे चहाच्या पैशांत दिले. शेळी दावणीला राहिली.

सांगा पाहू :
१. वरंबा कशाने येतो? सरी कशाने पडते?
२. आपल्या खिशातले नाणे कोणत्या टाकसाळीचे आहे?