वेळापत्रक आणि शेतकी मंडळातील नेतृत्व

शाळेचे वेळापत्रक ही निव्वळ कार्यालयीन बाब आहे, असे आपण समजतो. परंतु नेतृत्वाची संधी कोणाला मिळणार, हे पुष्कळदा त्याच कागदावर ठरते.

'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही अमेरिकेतील शेतकी विद्यार्थ्यांची संघटना १९२८ साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. तिची शाखा शाळेतील शेतीच्या वर्गालाच जोडलेली असते. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, हिशेब कसा ठेवावा, हे मुले शेतीशिक्षकाकडूनच शिकतात. १९९० नंतर तेथील अनेक शाळांनी दीड-दीड तासाच्या तासिका करून वर्षाचा विषय अर्ध्या वर्षात संपवण्याची पद्धत स्वीकारली. प्रात्यक्षिकाला सलग वेळ मिळाला, हा लाभ खराच. मात्र शाखेचा अध्यक्ष वर्षभरासाठी निवडलेला असतो. पहिल्या सहामाहीतच त्याचा शेतीचा विषय संपला, तर शिक्षकाची रोजची गाठ तुटते आणि पद नावापुरते उरते.

याच संघटनेच्या इतिहासातील आणखी एक प्रकरण आम्हांस अधिक जवळचे वाटते. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळाच वेगळ्या होत्या. त्या मुलांची 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' १९३५ साली टस्कीगी येथे उभी राहिली. १९६५ मध्ये ती सुमारे ५० हजार सभासदांसह मोठ्या संघटनेत विलीन झाली. भिंत पडली, हे योग्यच झाले. पण त्यांची स्वतःची अध्यक्षपदे, चिटणीसपदेही गेली. विलीन संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्रीय अध्यक्ष, कोरी फ्लोर्नोय, निवडून आला तो १९९४ साली. दार उघडणे आणि खुर्ची मिळणे यांत २९ वर्षांचे अंतर!

आमच्या शाळेतील बहुतेक मुले भूमिहीन मजुरांची. शेती त्यांनी पाहिली ती दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या हुकमाखाली. कोणते बियाणे घ्यावे, पाणी केव्हा द्यावे, याचा निर्णय स्वतः घेण्याचा पहिला प्रसंग त्यांच्यावर शेतकी मंडळातच येतो. आणि ही सभा आम्ही वर्षानुवर्षे शेवटच्या तासानंतर ठेवत आलो! दहावीची मुले जादा तासांत अडकत, मुली संध्याकाळच्या कामांच्या पाळीत. अध्यक्ष होई तो, जो मोकळा असे. एका हुशार मुलीने नववीत मिळालेले चिटणीसपद दिवाळीपूर्वीच सोडले. तेव्हा तिला जबाबदारी नको असावी, असा शेरा आम्हीच मारला होता.

गेल्या जूनपासून मंडळाची सभा शुक्रवारी तिसऱ्या तासाला भरते. इंग्रजीचा एक तास गेल्याची तक्रार सहकाऱ्यांनी केली आहे, आणि ती निराधार नाही.