बापाचे ऋण

सज्जनहो, बापाचे ऋण कशाने फिटते, हे पाहायचे तर देहूला जावे.

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा. इ. स. १६५० साली तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा जिजाई गरोदर होत्या. बापाचे मुख या लेकाने पाहिलेच नाही. कडेवर बसणे नाही, बोट धरून चालणे नाही. वाट्याला आले ते बापाचे अभंग आणि बापाची वारी.

तेवढ्यावरच लेकाने बाप ओळखला. १६८५ साली त्यांनी बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी घराण्याची जुनीच. बोल्होबा चालले, तुकोबा चालले. लेकाने ती मोडू दिली नाही. आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला ती पालखी देहूहून निघते.

आणि आपण? आपल्यातल्या कित्येकांना पहिली वारी बापाच्या खांद्यावर घडली. आता तो खांदा वाकला, पाय चालत नाहीत. म्हातारा ओसरीवर बसून टाळांचा आवाज ऐकतो. त्याला विसरून पादुकांवर माथा टेकला, तर तो पांडुरंगाला कसा पोचेल हो?

यंदा निघताना आधी त्याचे पाय धरा. परतल्यावर पंढरीचा बुक्का आधी त्याच्या कपाळी लावा. त्याची वारी तिथेच पुरी होईल, आणि आपलीही.

रामकृष्णहरि!