औषधचाचणी मुदतीपूर्वी का थांबविली जाते?

एखाद्या औषधाची चाचणी मध्येच थांबविल्याचे वृत्त आले की रुग्णांच्या नातलगांच्या मनात प्रथम येते ती लपवाछपवीची शंका. ही शंका स्वाभाविक आहे. तथापि सुनियोजित चाचणीत ती केव्हा व कोणत्या आकड्यावर थांबवावयाची, हे पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वीच लेखी ठरलेले असते. आमच्या विश्वस्तांनी, देणगीदारांनी आणि विशेषतः रुग्णांच्या कुटुंबीयांनी हा विषय जाणून घ्यावा, म्हणून हे टिपण.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहभागी होती, त्या 'एचपीटीएन ०५२' मध्ये नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकास एचआयव्हीची लागण झालेली, तर दुसरा जोडीदार लागणमुक्त. एका गटातील बाधितांना औषधे लगेच सुरू करण्यात आली; दुसऱ्या गटात सीडी-४ पेशी २५० पर्यंत उतरल्यावर अथवा एड्सशी निगडित आजार दिसल्यावर. लवकर केलेल्या उपचाराने जोडीदाराचेही रक्षण होते काय, हा प्रश्न होता. चाचणी २०१५ पर्यंत चालावयाची होती.

२८ एप्रिल २०११ रोजी स्वतंत्र देखरेख समितीने तोवरचे आकडे तपासले. एकूण ३९ जोडीदारांना नवी लागण झाली होती. त्यांपैकी २८ जणांचा विषाणू जोडीदाराकडूनच आल्याचे जनुकीय तपासणीत दिसले. या २८ पैकी २७ उशिरा उपचाराच्या गटातील होते, लवकर उपचाराच्या गटातील केवळ १. संसर्गाचा धोका ९६ टक्के घटलेला. एवढे स्पष्ट दिसत असता दुसऱ्या गटास औषधाविना ठेवणे अन्यायाचे ठरले असते. समितीने निष्कर्ष तात्काळ जाहीर करण्याची शिफारस केली आणि सर्व बाधितांना औषधे देऊ करण्यात आली.

मग रोजच आकडे पाहून निर्णय का घेऊ नये? आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांस याचे उत्तर लवकर पटते. गड्ड्याच्या यात्रेतील विक्री पाहून जो व्यापारी वर्षाचा नफा ठरवील, तो फसेल. संख्याशास्त्रात निव्वळ योगायोगाने चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता साधारणतः ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. परंतु त्याच कसोटीवर पाच वेळा डोकावले तर ती सुमारे १४ टक्क्यांवर जाते. म्हणून मधल्या तपासण्या मोजक्या ठेवतात, आणि आरंभीच्या तपासणीस पुरावा अतिशय भक्कम मागतात. ओब्रायन व फ्लेमिंग यांनी १९७९ मध्ये मांडलेली अशी पद्धत आजही रूढ आहे. (यांतील फ्लेमिंग हे वरील चाचणीच्या शोधनिबंधाचे एक लेखकही आहेत.) गटवार आकडे केवळ समितीपुढे येतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून ते दूर ठेवले जातात, अन्यथा त्यांचे मन एका बाजूस झुकेल.

हानीच्या संशयाने थांबविताना मात्र इतका भक्कम पुरावा मागत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एचआयव्ही-प्रतिबंधासाठीच्या सेल्युलोज सल्फेट जेलची चाचणी आफ्रिकेतील तीन व भारतातील दोन केंद्रांत चालू होती. मधल्या तपासणीत जेल वापरणाऱ्या स्त्रियांत लागण अधिक दिसल्याने जानेवारी २००७ मध्ये ती थांबविण्यात आली. सर्व नोंदी हाती आल्यावर जेलच्या गटात २५ व दुसऱ्या गटात १६ लागणी निघाल्या. हा फरक निर्णायक ठरला नाही. तरीही निर्णय घाईचा होता असे म्हणता येणार नाही. स्त्रियांना धोक्यात ठेवून खात्रीची वाट पाहणे कोणास मान्य झाले असते? तिसरे कारण निरर्थकतेचे: चाचणी पूर्ण करूनही लाभ सिद्ध होणे शक्य नाही असे दिसते, तेव्हा रुग्णांना व्यर्थ कष्ट देत नाहीत.

थांबविणे म्हणजे रुग्णांस वाऱ्यावर सोडणे नव्हे. पुण्याचा सहभाग असलेल्या त्या चाचणीतील जोडप्यांची पाहणी पुढेही २०१५ पर्यंत चालली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षात संरक्षण ९३ टक्के भरले. लवकर थांबविलेल्या चाचणीत लाभ किंचित फुगून दिसतो, तो असा. भारतात २०१७ पासून एचआयव्ही-बाधितांना सीडी-४ पेशींची संख्या न पाहता उपचार देण्याचे धोरण लागू झाले.

आपल्या घरातील रुग्णास कोठेही चाचणीत सहभागाविषयी विचारणा झाल्यास, सही करण्यापूर्वी संमतिपत्रात सहभाग मध्येच थांबण्याच्या परिस्थितीविषयीचा मजकूर शोधावा. देखरेख समिती आहे काय आणि चाचणी थांबल्यास पुढील औषधोपचार कोण करील, हे डॉक्टरांस निःसंकोच विचारावे.