मेडिकल कॉलेजचा दवाखाना : तिथं कोण शिकतं, कोण तपासतं आणि अंगठा कशावर घेतात



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी गाऱ्हाणं मांडलं. सुनेला बाळंतपणासाठी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं होतं. "पाच-सहा पोरंपोरी आल्या आणि सगळ्यांनी तेच तेच विचारलं. आम्ही काय परीक्षेला बसलोय का?" बायका हसल्या. पण त्याच ताई पुढं म्हणाल्या, "एका कागदावर अंगठा घेतला, तो कशाचा ते अजून ठाऊक नाही." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. म्हणून या महिन्याचा पाठ यावर.

पुस्तक वाचून भाकरी थापता येत नाही, तशी डॉक्टरकीही पेशंट पाहिल्याशिवाय येत नाही. म्हणून कॉलेज आणि दवाखाना जोडीनंच असतात. मुंबईचं केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज 1926 साली एकाच आवारात सुरू झालं. पुण्यात ससून आणि बी. जे. मेडिकल कॉलेज तसंच शेजारी शेजारी आहे.

आता पांढरा कोट घातलेले सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. वही घेऊन घोळक्यानं येतात ते एमबीबीएसचे विद्यार्थी. त्यांचा अभ्यास साडेचार वर्षांचा. ते विचारतात, शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासतात, पण औषध ठरवत नाहीत. त्यानंतर एक वर्ष इंटर्न म्हणून काम करावं लागतं. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस झालेला डॉक्टर, तो पुढं तीन वर्षं एका विषयात तयार होत असतो. रात्री दोन वाजता धावत येतो तो बहुतेक हाच. त्यांच्या वर प्राध्यापक डॉक्टर असतात. सकाळी सगळ्यांना घेऊन खाटेखाटेशी थांबत जातात, त्याला राऊंड म्हणतात. घरच्या माणसानं शंका विचारायची ती याच वेळी.

तेच तेच विचारण्याचा कंटाळा येतो हे खरं. पण मोठ्या डॉक्टरांना दोन मिनिटं असतात आणि विद्यार्थ्याला अर्धा तास. घरी कोण आजारी होतं, आधी कोणती गोळी चालू होती, हे त्या अर्ध्या तासात निघतं. तरीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. केवळ शिकण्यासाठी कुणी अंगाला हात लावत असेल, तर आधी तुम्हाला विचारलं पाहिजे. पडदा लावा म्हणावं, सोबत बाई हवी म्हणावं, नको असेल तर नको म्हणावं. त्यामुळं उपचार थांबवता येत नाहीत.

काही ठिकाणी कॉलेजच गावाकडं येतं. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. कस्तुरबा रुग्णालय तिथं आधीपासून होतं. तिथले विद्यार्थी सुरुवातीचे दिवस आश्रमात राहतात आणि पुढं एका गावात शिबिर करून घराघरांशी ओळख ठेवतात. आता तर देशभरच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात गावातली कुटुंबं दत्तक घेणं आलं आहे. तुमच्या दारात अशी मुलं आली तर गोंधळू नका. ओळखपत्र मात्र पाहा.

या दवाखान्यांचं तिसरं काम संशोधनाचं. बेळगावचं उदाहरण सांगते. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशातल्या डॉक्टरांबरोबर एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला इंजेक्शन आहे, पण ते थंड ठेवावं लागतं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला ती अडचण नाही. मग गावात नर्सबाईंनी ही गोळी दिली तर चालेल का, हे पाहायचं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या 1620 बायांनी भाग घेतला. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. हे वाचून मला आधी रागच आला. पण त्या भागात तेव्हा गावातल्या बाळंतपणात असं औषध देण्याची पद्धतच नव्हती आणि तुलना केल्याशिवाय गोळीचा गुण कळला नसता. 2006 साली निकाल छापून आला. औषध नसलेल्या गोळीच्या गटात शंभरातल्या बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात सहा-साडेसहा जणींना. पुढं 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या बाया आपल्यासारख्याच होत्या, शेतावर जाणाऱ्या.

पण त्यांनी भाग घेतला तो संमती देऊन. ताईंच्या अंगठ्याचा प्रश्न इथं येतो. ऑपरेशनचा किंवा भुलीचा संमतीचा कागद वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. "हा उपचाराचा की अभ्यासाचा?" एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. अभ्यासाचा असेल तर तो आपल्या भाषेत समजावून सांगावा लागतो, त्याची प्रत मागता येते आणि मधेच बाहेरही पडता येतं. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. वाचता येत नसेल तर अंगठा घेताना त्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, भरपाईही द्यावी लागते. अशा अभ्यासाला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. तिच्यात निदान सात जण असतात, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर नसलेला सामान्य माणूस हवाच, आणि अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असतो. संमतीच्या कागदावर या समितीचा फोन नंबर असतो, तो आधी शोधा.

ज्या ताईंनी प्रश्न काढला त्यांनी सुनेचे कागद पुढच्या बैठकीला आणायचं कबूल केलं आहे. आपण मिळून वाचू. आणि कुणी नव्यानं जाणार असाल तर केसपेपरवर युनिटचा नंबर बघून ठेवा. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. दुसऱ्याच वारी गेलात तर नवा डॉक्टर भेटतो, पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं आणि एसटीचं भाडं जातं ते वेगळंच.