शंका-समाधान : निर्मिती, उत्क्रांती आणि आपली शाळकरी मुले

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : शाळेत शिकवले जाणारे विज्ञान आणि पवित्र शास्त्रातील ‘उत्पत्ती’ची पहिली पाने यांचा मेळ कसा घालायचा? त्यांपैकी चार पत्रांना इथे उत्तर देत आहे.

शंका १ : माझा मुलगा दहावीत आहे. संडे स्कूलच्या बाई म्हणाल्या, उत्क्रांती मानणारा खरा ख्रिस्ती असूच शकत नाही. त्याच आठवड्यात शाळेतले सर वर्गात म्हणाले, देवाने जग निर्माण केले वगैरे सगळ्या भाकडकथा आहेत. घरी येऊन त्याने विचारले, ‘आई, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?’ काय सांगू? – एक आई, महादेवपुरा, बंगळुरू

उत्तर : ताई, खोटे कोणीच बोलत नाही, पण दोघांनीही आपापल्या विषयाची हद्द ओलांडली आहे. पृथ्वीचे वय किती, सजीव कसे बदलत गेले, हे मोजून-तपासून ठरवायचे प्रश्न आहेत. त्यांचा निकाल संडे स्कूलमध्ये लागत नाही. मुळात जग आहेच का, त्यामागे कोणाची इच्छा आहे का, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे. सरांना नास्तिक असण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र ते त्यांचे मत झाले, पाठ्यपुस्तकातला धडा नव्हे.

एखाद्या रविवारी उपासनेनंतर मुलाला लालबागेत न्या. मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेने मॅजेस्टिक, तिथून हिरव्या मार्गिकेने लालबाग. बागेतल्या उघड्या खडकावर एक छोटा मनोरा आहे. मुले त्या खडकावर घसरगुंडी खेळतात. हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. मुलाला खाली वाकून बघू द्या. राखाडी दगडात फिकट आणि गडद पट्टे एकमेकांना बिलगून वळणे घेत गेलेले दिसतील. प्रचंड उष्णता आणि दाब यांखाली दगड मऊ पडल्याच्या या खुणा आहेत. अशा खडकांत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. त्यांतल्या युरेनियमचे अतिशय संथ गतीने शिसे होत जाते. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले, यावरून वय निघते.

मग त्याला हेही सांगा की पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे असल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून इ.स.पू. ४००४ हे निर्मितीचे वर्ष काढले. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले गेले आणि लोकांना ते मूळ वचनाइतकेच पक्के वाटू लागले.

शंका २ : सहा दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत असे एकदा मान्य केले, की पुढे काय काय सोडायचे? आज आदाम, उद्या पुनरुत्थान? – निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, तुमची भीती खरी आहे, म्हणून सावकाश बघू. पहिल्या अध्यायात संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून आहेत, सूर्य मात्र चौथ्या दिवशी येतो. पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस शेवटी; दुसऱ्या अध्यायाचा सरळ क्रम वाचला तर माणूस आधी आणि प्राणी नंतर. हे डार्विनने दाखवून दिलेले नाही, ते शास्त्रातच आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’वर मोठा ग्रंथ पूर्ण केला. हे दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नसावेत, असे त्यात त्यांनी मांडले. आकाश-पृथ्वीविषयी अर्धवट ज्ञानावर बोलून शास्त्राचे हसे करू नका, असेही त्यांनी आपल्याच लोकांना बजावले. तेव्हा उत्क्रांतीचे नावही नव्हते.

मग पहिला अध्याय सांगतो काय? भोवतालच्या राष्ट्रांत सूर्य-चंद्राला देव मानून त्यांच्यापुढे माणसे लोटांगण घालीत. त्या काळी हा अध्याय म्हणतो की सूर्य-चंद्र देवाने लावलेले दिवे आहेत, सृष्टी चांगली आहे, आणि प्रत्येक स्त्री-पुरुषावर, केवळ राजावर नव्हे, देवाची प्रतिमा आहे. हे मानायला चोवीस तासांच्या दिवसाची गरज पडत नाही. पुनरुत्थानाची साक्ष वेगळी आहे : ती पाहिलेल्या माणसांनी दिली आहे, आणि तिचा आधार पृथ्वीच्या वयावर नाही.

एक अवघड प्रश्न मात्र मी झाकणार नाही. उत्क्रांती मानली की माणूस येण्यापूर्वीची कोट्यवधी वर्षांची वेदना आणि मृत्यू मानावा लागतो. चांगल्या देवाच्या सृष्टीत हे का? सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे, असे पौलाने रोमकरांस लिहिले. माझ्या विश्वासाला तिथे आधार मिळतो, पण हिशेब पूर्ण जुळला असे मी म्हणत नाही. सहा दिवस अक्षरशः मानणारे बंधुभगिनी आपल्याच मंडळीत आहेत. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही, त्यांच्या भूशास्त्राविषयी आहे.

शंका ३ : केंद्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांती काढली हे आपल्या मुलांसाठी बरेच झाले ना? निदान दहावीपर्यंत तरी गोंधळ नको. – एक वडील, बेळगाव

उत्तर : मला हे मुळीच पटत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता. कोविडकाळात अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि २०२३ मध्ये नव्याने छापलेल्या पुस्तकात तो परतलाच नाही. उरली फक्त आनुवंशिकता. देशभरातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुले पत्र लिहून त्याला विरोध केला. आता हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात भेटतो, म्हणजे वाणिज्य वा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलाला कधीच नाही. महाराष्ट्राच्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे.

उरलेल्या त्या धड्यात वाटाण्यांचे प्रयोग करणारे ग्रेगोर मेंडेल आहेत. ते ऑगस्टिनियन संघाचे मठवासी होते. ब्रनोच्या मठातल्या बागेत १८५६ ते १८६३ अशी वर्षे त्यांनी वाटाण्याच्या पिढ्या मोजल्या. विसाव्या शतकात त्यांचे नियम आणि डार्विनचा सिद्धांत जोडले गेले, तेव्हाच उत्क्रांतीला भक्कम पाया मिळाला. ती जोडणी करणाऱ्यांत थिओडोसियस डोब्झान्स्की हे श्रद्धावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही होते. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ अटकळ राहिलेली नाही, असे स्पष्ट सांगितले. मग आपण धडा गाळल्याचा आनंद का मानावा?

मुलापासून लपवलेली गोष्ट त्याला कॉलेजात पहिल्याच वर्षी कळते. घरच्यांनी एक गोष्ट लपवली, तर बाकीचे तरी खरे कशावरून, असे त्याला वाटते. मुले देवापासून दुरावतात ती बहुधा इथे.

शंका ४ : मी नास्तिक आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे राज्यघटनेने सांगितलेले कर्तव्य आहे. मग ख्रिस्ती शाळांत प्रार्थना कशी चालते? आणि निर्माता मानणाऱ्याने विज्ञानाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? – एक वाचक, व्हाइटफील्ड

उत्तर : तुमच्या पत्राचे स्वागत. हे कर्तव्य कलम ५१ क मध्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. त्याच वर्षी बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांची तपासणी करणारी समिती नेमली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्याच वाटेवर आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमावले. ख्रिस्ती माणसाने या वाटेला घाबरू नये. आपल्या सभांत आजार बरे केल्याचे दावे होतात. तेही तपासणीला खुले असले पाहिजेत.

प्रार्थनेविषयी कलम २८(३) स्पष्ट आहे : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका ख्रिस्ती शाळेच्या प्रवेश-अर्जातल्या बायबलविषयक हमीवरून वाद झाला. माझे मत असे, की प्रवेशासाठी अडलेल्या पालकाची सही ही मनापासूनची संमती नसते. ख्रिस्ती शाळेने प्रार्थना जरूर ठेवावी, पण न येणाऱ्या मुलाला वाचनालयाचे दार उघडे असावे आणि त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघू नये. हाच नियम वर्गात श्रद्धेची टिंगल करणाऱ्या शिक्षकालाही लागू आहे.

आता निर्माता. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लेमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, ते लेमेत्र यांना रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे आणि तो मानायला नास्तिकही मोकळा आहे, अशी त्यांची भूमिका होती. मीही तेच म्हणतो. महास्फोट हा देवाचा पुरावा नाही आणि उत्क्रांती हा देव नसल्याचा पुरावा नाही. देव आहे हे मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी त्याच्यावर भरवसा ठेवून जगतो. तुम्ही तो न ठेवता प्रामाणिकपणे जगता, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

शेवटी पालकांना आणि पाळकांना विनंती. संडे स्कूलमध्ये उत्क्रांतीविरुद्धचे धडे बंद करा, आणि महिन्यातून एक तास मंडळीतल्याच एखाद्या विज्ञान-शिक्षकाला बोलवा. मुलांना त्यांना वाटेल तो प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि पुढच्या रविवारी शोधून आणा.